जरा खाली बसून दाखवा

ब्लाउज माझ्या दुकानात पिशवीतून येतात, बॉडी येते वर्तमानपत्रात गुंडाळून. चार घड्यांचा कागद, वरून रबर, आणि तो पुडा पुन्हा एखाद्या साडीच्या पोटात. आलेली बाई आधी फॉल-पिकोचा भाव विचारते, भिंतीवरचा गळ्यांचा तक्ता निरखते, दुसरं गिऱ्हाईक जायची वाट पाहते. मग पुडा सरकवत हळूच म्हणते, "ताई, थे जरा पाहून घ्याल काय?" गेली तीसेक वर्षं मी उमरेडात 'थे' दुरुस्त करते आहे.

त्याला नावं कमी नाहीत. आई बॉडी म्हणायची, शिवणक्लासच्या बाई ब्रेसियर म्हणायच्या. माझी मुलगी ब्रा म्हणते आणि चारचौघांत, मोठ्यानं म्हणते. तिला दुकानावर बसवायला मी अजूनही थोडी कचरते, आणि कचरते म्हणून मनात ओशाळते. आजीला यातल्या एकाही शब्दाची गरज पडली नाही. ती खणाची चोळी घालायची आणि पुढं गाठ मारायची. त्या गाठीकडे मी पुढं येणारच आहे.

उमरेड नागपूरपासून ४५ किलोमीटरवर. बाहेरच्या लोकांना आता ते कऱ्हांडल्याच्या वाघांमुळे माहीत, नाहीतर कोळशाच्या खाणीमुळे. पण त्याआधी हे हातमागाचं गाव होतं. इथली रेशीमकाठी धोतरं दूरवर जात. आमच्याही घरात माग होता. आजोबा मागावर बसत तेव्हा मी खाली बसून कांड्या भरायची. तिथं एक गोष्ट कुणी न शिकवता डोक्यात बसली, ती म्हणजे कापडाचा सगळा कारभार ताणावर चालतो. ताणा सैल पडला की धोटा कितीही नीट फेका, काठ वाकडाच येणार. पुढं मी सुई-दोऱ्याकडे वळले, पण हे विसरले नाही. खरं सांगायचं तर मधली काही वर्षं विसरले होते, आणि त्याची शिक्षा एका बिचाऱ्या बाईच्या बगलेला झाली.

तारेची पहिली ब्रा माझ्या हातात आली ती खाणीच्या कॉलनीतल्या एका बाईंची. १९९०च्या दशकातली गोष्ट. त्यांनी कागदबिगद काही गुंडाळला नव्हता. सरळ काउंटरवर टाकली आणि म्हणाल्या, "इसका तार निकल गया है." बगलेकडच्या बाजूनं तारेचं टोक पेन्सिलीसारखं बाहेर आलं होतं. मी तोवर अशी वस्तू दुकानाच्या काचेत पाहिली होती, उसवून पाहिली नव्हती. "दोन दिवसांनी या," म्हटलं आणि रात्री दिव्याखाली उघडून बसले.

कटोरी ब्लाउज मी तोवर शेकड्यांनी शिवले होते. सपाट कापडाला उठाव कसा द्यायचा, टक्स जिथं येऊन मिळतात तिथं टोक कसं येऊ द्यायचं नाही, हे सगळं हातात होतं. पण ब्लाउजची कटोरी अंगावर नुसती बसते, हिच्या कटोरीला वजन उचलायचं असतं. त्यासाठी तिला चौकट लागते आणि ती चौकट म्हणजे तार. पोलादाची, चंद्रकोरीपेक्षा जरा खोल वाकवलेली, वर नायलॉनचा लेप, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे थेंब. तार राहते मऊ दुहेरी पट्टीच्या नळीत. नळीच्या दोन्ही कडांना टीप, दोन्ही तोंडांना आडवा दाट टाका. आणि तार नळीपेक्षा पाच-सात मिलिमीटर आखूड होती. मला वाटलं, कारखान्यात कुणीतरी घाई केली.

वाकलेलं टोक मी पकडीनं तोडलं. तार आत सारली, मोकळी जागा राहू नये म्हणून नळी खेचून तोंड तारेच्या टोकाशीच बंद केलं, आणि तेही सुती दोऱ्यानं, कारण सुती दोरा मऊ. बाई खूश होऊन गेल्या. आठवड्याभरात परत आल्या. त्यांनी ब्लाउजची बाही वर करून दाखवली. बगलेखाली दोन इंचांचा लाल ओरखडा होता, मधोमध खपली धरलेली. तोडलेल्या तारेला ब्लेडसारखी धार असते, आणि हलायला जागा नसलेली तार पहिल्या श्वासापासून टाका कापायला लागते. कारखान्यातल्या त्या कुणीतरी घाई केली नव्हती. घाई माझी होती. बाईंनी पैसे परत मागितले नाहीत. मागितले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून तारेचं टोक मी आधी कानशीनं घासते, बोटावर फिरवून पाहते, मग गालावर. गाल खोटं बोलत नाही. मग टोकावर टोपी चढवायची. नेलपॉलिशचा थेंब लावायचा उपाय सगळ्यांना माहीत आहे, पण तो चार धुण्यांत निघतो. माझ्या शेजारी मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी तिथं येतात. तापवली की आवळून बसणारी बारीक नळी त्यांच्याकडे असते. ती पाहिली आणि माझा प्रश्न सुटला. नखाएवढा तुकडा तारेच्या टोकावर चढवायचा, मेणबत्ती जरा लांबून दाखवायची, नळी आवळून घट्ट बसते. शेजारच्या भाऊंकडे मी तुकडे मागायला जाते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कशाला लागते ताई? मी म्हटलं, मशीनच्या वायरीला. तेच उत्तर पुढं कितीतरी वर्षं चाललं. माझ्या मशीनला इतक्या वायरी कुठून, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

तोंड बंद करताना फाटक्या कापडावरच टाके घातले तर तार आठ दिवसांत पुन्हा बाहेर. तिथं आधी ठिगळ हवं. घट्ट विणीच्या सुती फितीचा छोटा चौकोन नळीच्या तोंडावर आतून-बाहेरून दुमडायचा आणि त्यावर पॉलिस्टर दोऱ्यानं दाट, आडवे, एकाला एक चिकटून टाके. तारेपासून पाच मिलिमीटर दूर. काळ्या पायमशीनवर सरळ टीप येते, ती ताणल्या कापडावर तुटते. म्हणून पट्ट्याचं आणि इलॅस्टिकचं काम मी पिकोच्या मशीनवर करते, तिला नागमोडी टाका येतो. सुई ११ नंबरची, गोल टोकाची. साड्यांना पिको करून करून दमलेलं ते मशीन या कामाला असं काही खूश होऊन धावतं की बस.

हे झालं दुरुस्तीचं. पण तार का निघाली, हे न विचारता केलेली दुरुस्ती म्हणजे गळक्या छपराखाली बादली. बाया तारेला शिव्या घालतात. मी आधी पट्टा तपासते. छातीभोवती फिरणारा, मागं हुकांनी बंद होणारा पट्टा, बहुतेक वजन त्याच्यावर असतं. खांद्याच्या पट्ट्या नुसत्या मदतीला. खांद्यावर ज्यांच्या खोल चर पडलेत त्यांचा पट्टा कामचुकार आहे असं खुशाल समजावं. पट्टा सैल झाला की तो पाठीवर वर चढतो, पुढचा भाग खाली झुकतो, तार छातीच्या घडीतून सुटून मांसावर नाहीतर बरगडीवर टेकते आणि प्रत्येक श्वासाला, हात वर केला की, नळीत पुढं-मागं सरकत राहते. कुंपणाची तार आपण पकड नसली की हातानंच इकडं-तिकडं वाकवून तोडतो. तेच इथं रोज, थोडं थोडं, होत असतं. शेवटी टाका तरी तुटतो नाहीतर तारच मधोमध मोडते.

सैल का घालतात? कारण माप. दुकानात जाऊन "छत्तीस द्या" म्हणायचं, की संपलं. छत्तीस कुठून आलं, तर लग्नात कुणीतरी ठरवलं होतं. त्यात एक जुनी रीत आहे, छातीखालचं माप घ्या आणि त्यात चार इंच मिळवा. पट्ट्याला ताण नसलेल्या जुन्या कापडांच्या काळात ती चालत असेल. आजच्या ताणणाऱ्या पट्ट्यात चार इंच मिळवणं म्हणजे त्याला कामावरून काढून टाकणं. ए, बी, सी, डी ही अक्षरं १९३०च्या दशकात अमेरिकेत आली. अक्षराचा अर्थ नुसता 'मोठी-लहान' असा नाही, तो फरक आहे. पट्ट्याच्या मापापेक्षा छातीचं माप साधारण एक इंच जास्त तर ए, दोन तर बी, तीन सी, चार डी. म्हणून ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी यांच्या कटोरीत जवळजवळ तेवढंच मावतं, तारही तीच बसते, फक्त पट्टा लहान होत जातो. छत्तीस बीवाल्या कितीतरी बायांना मी बत्तीस डी घालायला सांगितलं आणि त्यांनी माझ्याकडे मी काही वाईट बोलले असल्यासारखं पाहिलं. "डी? माही?" डी म्हणजे सिनेमातली बाई, आपण बी बऱ्या.

घालून पाहायची परीक्षा साधी. पुढून मधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. तार छाती जिथं सुरू होते त्या घडीत, बगलेकडे मांसावर न चढता. पट्टा मागं-पुढं एका पातळीत. नव्या ब्राला सगळ्यांत बाहेरचा हूक, म्हणजे इलॅस्टिक सैलावलं की आत यायला दोन घरं हाताशी. आणि खांद्याच्या पट्ट्या खाली सोडून पाहायच्या; तरी जागेवर राहिली तर पट्टा खरा. ही परीक्षा मी पंधरा-वीस वर्षं घेतली, आरशासमोर उभं करून. आणि ती अर्धीच होती, हे मला मिरचीनं शिकवलं.

आमच्या उमरेड-भिवापूर-कुही पट्ट्यात हंगामात मिरचीचे सातरे लागतात. मोकळ्या जागेत लाल मिरचीचे ढीग आणि भोवती ओळीनं बसलेल्या बाया. दिवसभर देठ खुडायचे. सातऱ्यावर जाणाऱ्या एक मावशी माझ्या गिऱ्हाईक. एकदा पुडा घेऊन आल्या तर आत तारेची ब्रा, गुलाबी, लेसवाली, भारीतली. म्हणाल्या, "पोरीनं धाडली नागपूरवून. नऊशेची हाय म्हणे. टोचून राह्यली ना वं. नाई घातली तं फोनवर इचारते."

मी उभं करून पाहिलं. माप बरोबर होतं, पोरीनं नीट विचारून घेतली असणार. तरी तारेच्या टोकाशी मऊ फीत लावून दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. आता खालून टोचते म्हणाल्या. पुन्हा आरसा, पुन्हा सगळं जागेवर. नळीच्या खाली आतून सुती अस्तर दिलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा बगलेकडचा टाका तुटून तार डोकावत होती. मी मनातल्या मनात म्हटलं, या आपटून धुतात. बोलले पण. त्या गप्प राहिल्या.

मग मी वर्षभराच्या तिखटासाठी मिरची घ्यायला सातऱ्यावर गेले. मावशी ओळीत बसल्या होत्या. एक मांडी जमिनीवर आडवी, दुसरा गुडघा उभा, त्या गुडघ्यावर पोट आणि अख्खं अंग पुढं झुकलेलं. मी बोलत उभी होते तेवढ्यात त्यांनी दोनदा दंड आवळून कोपरानं कुशीत दाबलं. तार खाली ढकलत होत्या. मी म्हटलं, मावशी, हातानं सारा की. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. लालभडक. "मिरचीचा हात हाय ना ताई. आत घातला तं आगच आग."

सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत त्या बाईला स्वतःच्या कपड्यात हात घालता येत नव्हता. आणि मी तिला आरशासमोर दोन मिनिटं उभी करून माप बरोबर आहे म्हणत होते.

त्या संध्याकाळी त्यांना दुकानात बोलावलं, दार ओढून घेतलं आणि म्हटलं, "मावशी, जरा खाली बसून दाखवा. सातऱ्यावर बसता तशा." बसल्या. मी टेप लावली. उभं असताना छातीखाली ३० इंच, बसून पुढं वाकल्यावर साडेएकतीस. पोट वर येतं, खालच्या बरगड्या बाहेर फाकतात, पट्ट्याला खाली राहायला जागाच उरत नाही, म्हणून तो तार घेऊन वर निघतो. वर छाती, खाली पोट, मधल्या मधे ती पोलादी चंद्रकोर. तार फाकते, टोक बगलेत घुसतं, आणि टाका तुटतो. धुण्याचा काही संबंध नव्हता. मावशींची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "काहून वं? तुमाले काय मालूम."

तारेची ब्रा ज्यांनी घडवली त्या बाया खुर्चीवर बसणाऱ्या होत्या. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकबनं ३ नोव्हेंबर १९१४ रोजी आपल्या ब्राचं पेटंट मिळवलं, तेव्हा तिची अडचण अगदी आमच्यासारखीच होती. पार्टीच्या पातळ झग्याच्या गळ्यातून तिच्या कॉर्सेटच्या कडक पट्ट्या डोकावत होत्या. त्या पट्ट्या व्हेल माशाच्या जबड्यातून काढलेल्या असत. तिनं दोन हातरुमाल आणि एक रिबीन घेऊन नवा प्रकार शिवून काढला, आणि पुढं ते पेटंट कॉर्सेटच्या एका मोठ्या कंपनीला १५०० डॉलरला विकलं. शिवणारी बाई म्हणून मला तिचं कौतुक वाटतं, दोन रुमालांत काम! टोचणारं काढून टाकायला सुरू झालेल्या त्या वस्तूत पुढं तार आली. युद्धकाळात पोलाद बायांच्या कपड्यांना मिळत नव्हतं; दुसरं महायुद्ध संपल्यावर मात्र तारेची ब्रा सगळीकडे पसरली. तिथल्या बायांच्या हालचाली वेगळ्या. रोवणीला चिखलात दिवसभर कमरेतून वाकून राहणं, चुलीपुढं उकिडवं बसणं, जमिनीवर पाट्यावर वाटणं, हे त्या कारागिरांच्या डोळ्यापुढं कुठून असणार?

आणि इथं मला आजीची गाठ आठवते. तिची चोळी उरेब कापलेल्या तुकड्यांची, अंगाला घट्ट, पण बंद व्हायची ती पुढच्या दोन टोकांच्या गाठीनं. सकाळी दळताना ती गाठ वेगळी असायची, जेवून उठल्यावर वेगळी, लेकरू अंगावर असताना आणखी वेगळी. आजी दिवसातून चारदा स्वतःचं माप बदलायची आणि त्याला माप म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. चोळीचं मी उगाच कौतुक करणार नाही. भर उन्हाळ्यात तिच्या छातीखालच्या घडीत घामोळ्यांनी जखमा झालेल्या मी पाहिल्या आहेत, उठाव देणारा आधार असता तर झाल्या नसत्या. पण ती गाठ मात्र मी उचलली. मावशींच्या ब्राला मी मागं जादा हुकांची जोडपट्टी लावून दिली, कामाला बसताना सैल करायला. मूळ तार काढून त्याच वळणाची, टोकाला अर्धा इंच आखूड तार घातली. पट्ट्याचं खालचं रुंद इलॅस्टिक वाकताना गुंडाळी होऊन रुतत होतं, तिथं अरुंद, मऊ लावलं.

महिन्याभरानं विचारलं, आता कसं आहे? मावशींनी निकाल दिला, "हे लग्नाले बरी. सातऱ्यावर आपली जुनी कापडाचीच. पोरीले सांगतलं, घालतो म्हून." माझ्या तीन दुरुस्त्या आणि एक शोध यांचं हे फळ.

तरी तेव्हापासून तारेची ब्रा घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला मी बसायला सांगते. शाळेत शिकवणाऱ्या बाई नागपूरहून रोज बसनं येतात-जातात. त्यांना मी दुकानाच्या बाकावर बसवून वरचा दांडा धरल्यासारखा हात वर करायला लावला, तेव्हा कळलं की त्यांची तार फक्त उजवीकडेच का मोडते. बँकेतल्या मुलीला पुढं वाकून टाइप करायला लावते. नव्या नवऱ्या लाजतात, आई सोबत असली तर आईच आधी मांडी घालून बसून दाखवते. दुकानात हसणं सुरू झालं की कागदाचा पुडा आपोआप उघडतो.

मोठ्या शहरात हे सोपं असेल असं वाटायचं. मी सामान आणायला नागपूरला, इतवारीला जाते. २०१९ साली छोटी गाडी बंद झाली तोवर त्या नॅरोगेजच्या डब्यात इलॅस्टिकची बंडलं मांडीवर घेऊन मी परतायची. तर नागपुरातल्या एका दुकानात काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टेप न लावता, माझ्या तोंडावर माझं माप सांगितलं. चुकीचं. मी तीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरते आणि मला ते जमत नाही. आणि मुंबईत २०१३ साली महापालिकेत ठराव झाला तो काय, तर दुकानाबाहेरच्या आतले कपडे घातलेल्या पुतळ्यांवर बंदी आणा. पुतळे उभेच असतात, त्यांना काही टोचत नाही, तरी काळजी त्यांची.

धुण्याबद्दल मी बोलले नाही तर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या ब्रांचं येणं बंदच होणार नाही. आपल्या हाताला पिळायची सवय; साडी पिळावी तशी ब्रा पिळतात आणि तारेची इंग्रजी एस होते. कोमट पाण्यात, हातानं, हूक लावून धुवायची, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं. आणि मग वाळत घालणं. आमच्या गल्लीत कुठल्याही दोरीवर पाहा, ब्रा दिसणार नाही. ती टॉवेलखाली असते, परकराखाली असते. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, अशा उन्हात इलॅस्टिक कडक होऊन मरतं, तेव्हा सावली चांगलीच. पण ओल्या टॉवेलखाली ती दिवसभर दमट राहते, टोपी निघालेल्या तारेला गंज चढतो, आणि पावसाळ्यात छातीखाली खाजेचे चट्टे उठलेल्या बाया माझ्याकडे तार काढून मागतात. मी म्हणते, आधी टॉवेल काढा. सासूबाई काय म्हणतील, हे माझ्या दुरुस्तीत बसत नाही.

तारेनं कॅन्सर होतो का, हा प्रश्न दर महिन्याला येतो, तोही हळू आवाजात. १९९५ साली अमेरिकेत एका पुस्तकानं ही भीती पसरवली, ती अजून मोबाइलवर फिरते. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्रानं ५५ ते ७४ वर्षांच्या दीड हजारावर बायांची माहिती तपासून २०१४ साली सांगितलं, ब्रा घालण्याचा, तारेचा, दिवसातल्या तासांचा, कशाचाच या रोगाशी संबंध आढळला नाही. एवढं मी पाठ केलं आहे. मात्र लेकराला अंगावर पाजणाऱ्या बाईला मी तार घालू नको सांगते, तार दाबून दूध अडतं, गाठ येते, ताप येतो.

रोग होऊन गेलेल्या एक बाई मात्र आल्या होत्या. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात उपचार झालेले, डावी बाजू काढलेली, जखम भरून वर्ष उलटलेलं. त्यांनी पुडा आणला नाही, ब्रा हातातच होती. म्हणाल्या, उजवीकडं तार राहू द्या, डावीकडची काढा. मी तसं केलं आणि डाव्या कटोरीत जुन्या मऊ धोतराचा खिसा शिवून कापूस भरला. उभ्या राहिल्या तर छान. बसल्या, हात वर केला, की डावी बाजू हनुवटीकडं निघाली. कापसाला वजन कुठून! वजनच नसेल तर पट्टा धरणार कशाला? मागाचा ताणा आठवला, त्याला खालून वजन बांधायचे. दुसऱ्या दिवशी मी मलमलची छोटी थैली शिवून तिच्यात मोहरी भरली. थोडी घाला, बसा, हात वर करा, थोडी काढा, असं तासभर चाललं. शेवटी थैली किराण्याच्या तराजूवर ठेवून आकडा एका कागदावर लिहून दिला, धुताना मोहरी बदलायची झाली तर तेवढीच भरायला. कागद त्यांनी पर्समध्ये ठेवला. वर ब्लाउजचं मापही देऊन गेल्या, गळा जरा खोल.

सगळंच दुरुस्त होतं असं नाही. इलॅस्टिकमधून रबराचे केस बाहेर आले, कटोरीचं कापड तारेशी विरलं, की मी हात लावत नाही. तार काढून घेते आणि बाकीचं परत देते. तार बसतच नसेल तर मधल्या बाजूला नळीला छोटी चीर देऊन दोन्ही बाजूंच्या तारा काढते. एकच काढून चालत नाही, ती तुकडोजी रुग्णालयवाल्या बाईंची गोष्ट वेगळी. काढलेल्या तारा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जमतात. मापाप्रमाणे जोड्या लावून ठेवते, कुणाला तरी लागतात. परकराची नाडी ओवायलाही त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

मागच्या उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्या भाऊंच्या घरच्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. इतकी वर्षं शेजार, पण त्या दुकानात कधी आल्या नव्हत्या. वर्तमानपत्राचा पुडा, वरून रबर. मी त्यांनाही खाली बसवलं, पट्टा एक घर आवळला, तारांची चारही टोकं घासून टोप्या चढवल्या. माझ्याकडं तेव्हा फक्त लाल नळी उरली होती, त्यांच्याच दुकानातली.

चार-पाच दिवसांनी मी नेहमीसारखी भाऊंकडे गेले. मोटार उघडून बसले होते. मी "जरा थोडी..." एवढंच म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही. ड्रॉवरमधून एक पुडी काढून फळीवर ठेवली. आत नळीचे नखाएवढे तुकडे, एकसारखे कापलेले, शंभरेक असतील, सगळे पांढरे. मी पैसे किती विचारलं, तर ते हातातल्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजत राहिले, मोठ्यानं.